बऱ्या घरातलां चेडू

माघातल्या उत्सवाला आमच्या गावात देवळासमोर तीन रात्री नाटकं होतात. मी सातवीत असताना, म्हणजे १९८० च्या आसपास, पहिल्या रात्री हरिश्चंद्राचं नाटक होतं. गुलाबी हँडबिलावर राजापासून स्मशानातल्या डोंबापर्यंत सगळ्या पुरुष नटांची नावं होती, कुणाच्या पुढे ‘गुरुजी’, कुणाच्या पुढे ‘मुंबईकर’. पेटीवाल्याचं नाव होतं, तबलजीचं होतं, पडदे आणि ड्रेपरी पुरवणाऱ्याचंही होतं. तारामतीसमोर छापलं होतं : ‘गोव्याच्या सुप्रसिद्ध नटी’.

ती नटी दुपारच्या एसटीने आईबरोबर आली. माझे वडील मंडळाचे खजिनदार, म्हणून दोघींचं जेवण आमच्याकडे. आजीने त्यांना माजघरात न बोलावता पडवीत वाढलं. जेवताना ती मान खाली घालून तारामतीची भाषणं ओठांत घोळवत होती, कारण हरिश्चंद्र झालेल्या गुरुजींबरोबर तिची पहिली आणि शेवटची तालीम चार वाजता होती. आजी दाराआडून बघत होती. शेवटी म्हणाली, “चेडू बऱ्या घरातलां दिसता. मगे ह्यां कित्याक करता?” म्हणजे, मुलगी चांगल्या घरातली दिसते, मग हे कशाला करते? आजीच्या मनात वाईट काही नव्हतं, तिने आपल्या परीने कौतुकच केलं होतं. मुलीने ते ऐकलं. जेवण झाल्यावर दोघींची ताटं उचलून तिने विहिरीवर नेली आणि स्वतः घासून आणून ठेवली. रात्री रोहिदासाच्या देहाशेजारी बसून ती आक्रोश करत होती तेव्हा पुढच्या रांगेत आजीच्या डोळ्यांना पदर लागला होता. पहाटे पहिल्या गाडीने ती निघून गेली. तिचं नाव मला आजही माहीत नाही.

गेल्या वर्षी तालुक्याच्या एका वक्तृत्व स्पर्धेला मी परीक्षक होते. दहावीतली एक मुलगी दुर्गा खोटे यांच्यावर फार तयारीने बोलली. तिचं पहिलंच वाक्य होतं, “चांगल्या घराण्यातून चित्रपटात आलेल्या पहिल्या अभिनेत्री म्हणजे दुर्गाबाई खोटे.” मुलीचा यात काही दोष नाही. स्मरणिका, वाढदिवसाचे लेख, सूत्रसंचालकांची टिपणं, सगळीकडे हे वाक्य तिच्या जन्माच्या आधीपासून फिरतं आहे. मला मात्र पडवीतली ती दुपार आठवली आणि पुढचं भाषण नीट ऐकू आलं नाही.

हे विशेषण आता टाकून द्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे. आणि कोकणातल्या, गोव्यातल्या माणसांनी ते सगळ्यांच्या आधी टाकावं, कारण या दोन शब्दांनी ज्या बायकांना बाजूला सारलं त्यांच्यातल्या कितीतरी आपल्याच गावांतून गेलेल्या होत्या.

आधी खुद्द दुर्गाबाईंचंच बघू. त्यांचा जन्म १९०५ चा, मुंबईतला. माहेरचं आडनाव लाड, मूळ घराणं गोव्याकडचं. शिक्षण इंग्रजी शाळेत, मग सेंट झेवियर्समध्ये. सासर मुंबईतलं बडं. पुढे सासरची आर्थिक स्थिती ढासळली, पदरात दोन लहान मुलगे, आणि स्वतः काही मिळवल्याशिवाय मानाने जगता येणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं. १९३१ साली ‘फरेबी जाल’ नावाच्या चित्रपटात त्यांनी छोटंसं काम केलं. जाहिरातदारांनी त्या कामापेक्षा माहेर-सासरची नावं पुढे केली. चित्रपट वाईट होता, आणि बोल लागला तो दोन्ही घरांना. त्या गेल्या त्या गरजेपोटी गेल्या, आणि ‘चांगल्या घराचा’ पहिला उपयोग बाजाराने तिकिटं विकण्यासाठी केला, हे त्यांच्या बाबतीत आपण विसरतो.

पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त त्या तारामती झाल्या. मराठीतला हा पहिला बोलपट. समोर हरिश्चंद्र म्हणून गोविंदराव टेंबे. उंच बांधा, सरळ नजर, स्वच्छ आवाज. विकायला उभी केलेली राणी त्यांनी अशी उभी केली की विकली जातानाही तिचा मान तिच्याजवळच राहतो. १९३६ च्या ‘अमरज्योती’त त्यांनी जहाजावरची बंडखोर सौदामिनी केली, जी भूमिका आजही कुणा अभिनेत्रीला सहजी मिळणार नाही. पुढे मराठी रंगभूमीवर त्या मन लावून वावरल्या, १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, उतारवयात काही काळ अलिबागजवळ येऊन राहिल्या. पन्नास वर्षांहून मोठी अशी ही कारकीर्द. तिची ओळख करून देताना पहिला शब्द ‘घराणं’ येतो, हा त्यांच्यावरचाही अन्याय आहे. कुणा नटाची ओळख आपण ‘चांगल्या घरातले पहिले’ अशी करून देतो का?

आता याच तारामतीला एकोणीस वर्षं मागे नेऊ. १९१३ साली फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीसाठी त्यांना बाई मिळेना. त्यांनी खूप शोधलं. ज्या वस्तीत सभ्य माणूस पाऊल टाकत नसे तिथल्या बायकांनीही कॅमेऱ्यापुढे उभं राहायला नकार दिला. शेवटी उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, शाळेतल्या मुलांनाही. तिच्या पुढची गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटासाठी फाळक्यांना एक सोडून दोन स्त्रिया मिळाल्या. पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत, आणि मोहिनी झाली त्यांची मुलगी कमला, जिचं वय जेमतेम तेरा-चौदा होतं आणि जी अगदी लहानपणापासून रंगभूमीवर उभी राहत होती.

दुर्गाबाई कामत ब्राह्मण घरातल्या. नवऱ्यापासून वेगळ्या होऊन, लहान मुलीला घेऊन त्या नाटक कंपनीत शिरल्या, आणि समाजाने त्यांना वाळीत टाकल्यासारखंच वागवलं. म्हणजे ‘चांगलं घर’ याचा अर्थ जात असा घेतला तरी दुर्गा खोटे पहिल्या ठरत नाहीत. मग त्या दोन शब्दांचा अर्थ काय उरतो? पैसा, इंग्रजी शिक्षण आणि डोक्यावर नवऱ्याचं किंवा बापाचं नाव. दुर्गाबाई कामतांनी नवऱ्याचं छप्पर सोडलं त्या दिवशी त्यांचं घर ‘चांगलं’ राहिलं नाही. त्या आणि दुर्गाबाई खोटे दोघीही मुलांसाठीच कामाला बाहेर पडल्या होत्या. पुस्तकांनी एकीला घरासकट घेतलं आणि दुसरीला एका ओळीत आटोपलं.

कमलाबाईंचं पुढचं आयुष्य तर मला फार मोठं वाटतं. नाटकातलेच रघुनाथराव गोखले यांच्याशी लग्न झालं. ते लवकर गेले. तीन मुलगे त्यांनी नाटक आणि सिनेमातल्या कमाईवर वाढवले. त्यांतले चंद्रकांत गोखले म्हणजे आपल्या पिढीने पाहिलेले थोर नट, आणि चंद्रकांतांचे चिरंजीव विक्रम गोखले. मूकपट, बोलपट, रंगभूमी असं सगळं करून कमलाबाई नव्वदीच्या पुढे जगल्या. १९९० नंतर रीना मोहन या दिग्दर्शिकेने त्यांच्यावर माहितीपट केला म्हणून निदान त्यांचा म्हातारपणीचा चेहरा आणि बोलणं आपल्याकडे राहिलं. फाळके पुरस्कार १९६९ पासून दिला जातो. फाळक्यांची पहिली नायिका त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ हयात होती. तिला तो मिळाला नाही.

हे झालं सिनेमाचं. नाटकाबद्दल बोलताना तर ‘चांगल्या घरा’ने इतिहासच उलटा करून ठेवला आहे. १९३३ साली मुंबईत नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ केलं, त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, आणि तिथून मराठी रंगभूमीवर बाई आली, असं साधारण शिकवलं जातं. त्या नाटकाचं महत्त्व मी कमी करत नाही. पण त्याच्या कितीतरी आधी संपूर्ण स्त्रियांच्या नाटक मंडळ्या गावोगाव फिरत होत्या. बेळगावकर स्त्री संगीत मंडळी, सातारकर स्त्री संगीत मंडळी. राजाही बाई, प्रधानही बाई, खलपुरुषही बाई. मग ‘पुरुषांनी स्त्रिया केल्या, नंतर चांगल्या घरच्या स्त्रिया आल्या’ या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत या सगळ्याजणी कुठे गेल्या?

त्यांतल्या एकीची गोष्ट आमच्या या किनाऱ्याची आहे. गोव्याच्या सांगे तालुक्यात कुर्डी नावाचं गाव होतं. साळावली धरणात ते बुडालं. दरवर्षी मे महिन्यात पाणी उतरतं, तेव्हा सोमेश्वराचं देऊळ आणि घरांची जोती वर येतात. पांगलेले गावकरी येऊन देवाला भेटतात, आणि पाऊस आला की गाव पुन्हा पाण्याखाली जातं. त्यांतलंच एक जोतं मोगूबाई कुर्डीकरांच्या घराचं म्हणून दाखवतात. गानतपस्विनी मोगूबाई आपल्याला माहीत आहेत : अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, पद्मभूषण, किशोरीताई आमोणकरांची आई. पण गायिका होण्याआधी १९०४ साली जन्मलेली ही मुलगी नटी होती. आईने, जयश्रीबाईंनी, तिला चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत नेऊन घातलं. १९१४ साली आई गेली. अनाथ झालेली दहा वर्षांची पोर पुढे सातारकर मंडळीत गेली, ‘सौभद्रा’त सुभद्रा झाली, ‘पुण्यप्रभावा’त किंकिणी झाली, आणि लोक तिला बघायला गर्दी करू लागले. पुढे कंपनी सुटली आणि मग गाणं आलं.

मोगूबाईंवरचे लेख वाचा. नाटकातली वर्षं एका परिच्छेदात, जणू मोठ्या रस्त्याला लागण्याआधीची पायवाट. माझ्या मते ती वर्षं शिक्षणाची होती. शब्द कसा टाकायचा, हजार माणसांसमोर श्वास कसा सांभाळायचा, दमलेल्या प्रेक्षकाला रात्री दोन वाजता कसं जागं करायचं, हे त्या मुलीला बैठकीत कुणी शिकवलं नव्हतं. गोव्याने आपल्या गायिकांची आठवण पुष्कळ ठेवली, केसरबाई केरकरांच्या नावाने दरवर्षी संगीत समारोह होतो, आणि ते रास्तच आहे. पण लक्षात घ्या, गाणं आपण देवाजवळचं मानलं आणि नटणं मानलं नाही. म्हणून त्याच बाईंचं अर्धं आयुष्य दर्शनी भिंतीवर लागलं आणि अर्धं माळ्यावर गेलं.

इथे एक आडनावांची गोष्ट सांगते. कुर्डीकर, केरकर, पेडणेकर, साळगावकर. कुर्डी, केरी, पेडणे, साळगाव. ‘ब्रह्मचारी’ या १९३८ च्या चित्रपटातल्या मीनाक्षी शिरोडकर मूळच्या रतन पेडणेकर, आणि आजही त्यांच्या अभिनयाबद्दल कुणी बोलत नाही, त्यांच्या पोहण्याच्या पोशाखाबद्दलच बोलतात. हिराबाई पेडणेकर सावंतवाडीत जन्मलेल्या. ‘दामिनी’ हे त्यांचं नाटक ललितकलादर्शने रंगभूमीवर आणलं. बाईने लिहिलेलं नाटक त्या काळी एका नामांकित कंपनीने करावं ही केवढी मोठी गोष्ट! त्यांची अखेरची वर्षं गुहागरजवळ पालशेतला गेली. समुद्रकाठच्या त्या गावात त्या १९५१ साली वारल्या. आमच्या इकडची लहान लहान गावं या बायकांच्या आडनावांत बसून मुंबई-पुण्याला गेली, पडद्यावर झळकली, ध्वनिमुद्रिकांच्या तबकड्यांवर फिरली. त्या गावांत मात्र त्यांच्या नावाचा एखादा चौक, एखादा रंगमंच सापडत नाही.

नाट्यगृहांचंच बघा. रत्नागिरीचं सावरकरांच्या नावाचं, मालवणचं मामा वरेरकरांच्या, कुडाळचं मच्छिंद्र कांबळींच्या, पणजीत कला अकादमीतलं दीनानाथ मंगेशकरांच्या. सगळी मोठी माणसं, कुणाबद्दल तक्रार नाही. चिपळूणच्या सांस्कृतिक केंद्राला बाईचं नाव आहे, पण ते पंतप्रधानांचं, इंदिरा गांधींचं. अभिनेत्रीचं नाव हवं तर पुण्याला जावं लागतं, हिराबागेतल्या ज्योत्स्ना भोळे सभागृहात. त्या ज्योत्स्नाबाई तरी मूळच्या कुठल्या? गोव्यातल्या बांदिवड्याच्या, दुर्गा केळेकर. ‘आंधळ्यांची शाळा’तली बिंबा त्यांचीच, आणि १९४२ च्या ‘कुलवधू’तली भानुमतीही.

आता जिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे तिच्याकडे येते.

हंसा वाडकर. मूळच्या रतन साळगावकर, सावंतवाडीशी नातं असलेल्या घरातल्या. जन्म १९२३ चा. पहिला चित्रपट ‘विजयाची लग्ने’, १९३६ चा, म्हणजे वय तेरा. घरात कमावणारं कुणी नव्हतं म्हणून पोरीला सिनेमात घातलं. पुढे प्रभातमध्ये ‘संत सखू’, १९४७ साली ‘लोकशाहीर राम जोशी’, १९५९ साली ‘सांगत्ये ऐका’. तो चित्रपट पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला. एकाच बाईने पंढरीच्या ओढीने व्याकुळ झालेली सखू करावी आणि फडावर उभी राहिलेली तमासगिरीण करावी, आणि दोन्हीकडे प्रेक्षकाला शंका येऊ नये, याला फार मोठी ताकद लागते. ‘संत सखू’ आजही बघावा. सासुरवासातली सखू कुठेही छाती पिटत नाही. ती कामं करत राहते आणि तिच्या हातांच्या हालचालींतून तिची दशा कळते.

१९७० साली त्यांचं आत्मचरित्र पुस्तकरूपाने आलं, त्याच गाजलेल्या चित्रपटाचं नाव घेऊन. शब्दांकन अरुण साधूंचं. आमच्या जवळच्या एका ग्रंथालयात ते पुस्तक ग्रंथपालांच्या टेबलाच्या खणात असे आणि बायका-मुलींना दिलं जात नसे. मी कॉलेजात असताना वडिलांच्या नावावर ते घरी आणलं आणि दोन रात्रींत वाचलं. लोक त्यात काय शोधत होते ते मला आधीच कळलेलं होतं : दारू किती, पुरुष किती. मला त्यात सापडली जमाखर्चाची वही. लहान मुलीच्या पगारावर चाललेलं घर. लग्नानंतर त्याच पगारावर चाललेलं नवऱ्याचं घर. तिला सिनेमा सोडून नुसता संसार करायचा होता, मुलंबाळं हवी होती. तिला तो करू दिला नाही, कारण ती घरी बसली असती तर चूल कशावर पेटणार? हे त्यांनी न रडता, स्वतःच्या चुकाही न लपवता सांगितलं आहे. मराठीत इतकं सरळ बोललेली बाई मी त्याआधी वाचली नव्हती.

चांगलं घर हे तर या बाईचं आयुष्यभराचं मागणं होतं. तिच्या कमाईवर घरं उभी राहिली. त्यांतलं एकही तिला तिचं म्हणून मिळालं नाही, आणि वर समाजाने तिलाच विचारलं की तू कुठल्या घरातली. पुस्तक आलं आणि पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, त्या गेल्या. १९७७ साली श्याम बेनेगल यांनी या आत्मचरित्राच्या आधारे ‘भूमिका’ काढला आणि त्यातल्या कामासाठी स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. स्मिताचं काम अप्रतिम आहे, पण त्यामुळे एक विचित्र गोष्ट झाली. आज हंसा वाडकर म्हटलं की लोक ‘भूमिका’बद्दल बोलतात. तिच्या आयुष्याबद्दल तासभर बोलणाऱ्यांनी तिचा एकही चित्रपट पाहिलेला नसतो. पडद्यावरची तिची कला तिच्या दुःखाच्या गोष्टीखाली गाडली गेली.

माझ्या या म्हणण्यावर जे आक्षेप येतात त्यांतले दोन मला खरोखर विचारात पाडतात. पहिला असा की दुर्गा खोटे आल्या म्हणून पुढच्या कितीतरी मुलींच्या बापांनी होकार दिला, हे ऐतिहासिक सत्य आहे, ते विशेषण काढलं तर ते सत्यही जाईल. हे मी मान्य करते. पण मग ते तसंच सांगावं : समाज कलेला कमी लेखत होता, आणि एका सुशिक्षित, वजनदार घरातल्या बाईने तिथे पाऊल टाकलं तेव्हा समाजाचा नाइलाज झाला. या सांगण्यात दोष समाजाकडे राहतो. ‘चांगल्या घरातली पहिली’ म्हटलं की तो गुपचूप आधीच्या बायकांकडे सरकतो.

दुसरा आक्षेप जास्त नाजूक आहे आणि तो मला एका मैत्रिणीने घेतला, जिच्या पणजीला देवदासी म्हणून देवळात गायला लागत असे. ती म्हणाली, “आमच्या माणसांनी दोन पिढ्या घालवून त्यातून बाहेर काढलं आम्हाला. तू कशाला पुन्हा ते नाव घेतेस?” तिचं खरं आहे. राजाराम पैंगीणकरांसारख्यांनी स्वतःच्या समाजाशी भांडून त्या चालीरीती मोडल्या, ‘मी कोण?’ असं नाव देऊन आत्मचरित्र लिहिलं. गोमंतक मराठा समाज या त्यांच्याच संस्थेने मुलींच्या हातात पाटी दिली. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी वाहण्याविरुद्ध कायदा झाला. या लढाईचं मोल ज्याला कळतं तो कुणाचं कूळ उकरायला जाणार नाही. मैत्रिणीला मी जे सांगितलं तेच इथे लिहिते. कुणाची पणजी कोण होती हे मला विचारायचंच नाही, कारण तो प्रश्न ‘चांगलं घर’वाल्यांचा आहे. मला हवं आहे ते कामाचं टिपण : कुठलं नाटक, कुठली भूमिका, कुठली कंपनी, कुठलं साल. ज्यांनी स्वतः आपलं आयुष्य लिहिलं त्यांचं त्यांच्या शब्दांत घ्यावं. बाकीच्यांच्या घराला हात लावू नये, नाव मात्र लिहावं. मैत्रीण काही वेळ गप्प होती. मग तिने तिच्या पणजीला कुठली पदं येत असत ते मला सांगितलं.

आणि हे सगळं जुनं झालं, आता कोण असं म्हणतं, असं वाटत असेल तर कोकणातल्या कुठल्याही गावात एकांकिकेची तयारी चालू असताना जाऊन बसावं. मुलगा काम करणार म्हटल्यावर घरचे विचारतात, तालीम किती वाजेपर्यंत. मुलगी करणार म्हटल्यावर विचारतात, आणखी कोण कोण मुली आहेत, कुणाच्या आहेत. मग तीन स्त्रीपात्रांतली दोन कापली जातात, उरलेलीसाठी बाहेरून नटी आणली जाते. दशावतारात आजही बहुतेक ठिकाणी राणी पुरुषच होतो. त्या स्त्रीपार्टी कलावंतांची कला मोठी आहे आणि ती टिकावी. अलीकडे बायकांनीही दशावताराचे प्रयोग करायला सुरुवात केली आहे, त्या बघायलाही मी आवर्जून जाते. पण उत्सवाच्या संगीत नाटकात, सामाजिक नाटकात बाहेरून येणारी बाई अजून चाळीस वर्षांपूर्वीसारखीच येते. दुपारी पोचायचं, एक तालीम, रात्री प्रयोग, पहाटे परत. डिसेंबर ते मे एका आठवड्यात तीन-चार गावं, तीन-चार वेगवेगळी नाटकं पाठ. एका रात्रीत अनोळखी हरिश्चंद्राची राणी व्हायचं आणि दुसऱ्या रात्री अनोळखी सुधाकराची सिंधू. हे कौशल्य कुठल्याही नाट्यशाळेत शिकवत नाहीत, आणि त्याची नोंदही कुठे होत नाही.

तिला कपडे बदलायला रंगमंचामागे झापांचा आडोसा करून देतात, त्याला फटी असतात. संडासाची सोय देवळापासून लांब, काळोखात. नाईट, म्हणजे एका प्रयोगाची बिदागी, ठरलेली असते, पण हातात पडते सगळ्यात शेवटी, मंडपवाला, लाइटवाला गेल्यावर, आणि कधी कधी ‘पावती पुस्तकाचा हिशेब झाला की पाठवतो’ म्हणून पडतच नाही. त्या माघात आमच्या मंडळानेही त्या मुलीला पहाटेपर्यंत थांबवून ठेवलं होतं. एसटी यायच्या आधी वडिलांनी घरातले पैसे काढून दिले, हे मला आईने फार नंतर सांगितलं. यात कुणी एक माणूस दुष्ट नव्हता. ज्या बाईचं नाव हँडबिलावर छापायची गरज कुणाला वाटली नाही तिचे पैसे आठवणीने द्यायची गरज तरी कुणाला वाटणार?

गेली तीन वर्षं मी आमच्या आणि शेजारच्या गावांतल्या जुन्या मंडळांची हँडबिलं गोळा करते आहे. देवळाच्या पेटीत, कुणाच्या माळ्यावर, दुकानदाराच्या वहीत घडी घालून ठेवलेली. वाळवीने खाल्लेली, पावसाने रंग उडालेली. नटांची नावं सगळी लागतात, त्यांचे नातू ओळखून दाखवतात. स्त्री भूमिकेसमोर ‘सुप्रसिद्ध नटी’, ‘मुंबईच्या कलावती’, ‘गोव्याच्या कोकिळा’ असं काहीबाही असतं. काही ठिकाणी मात्र कुणीतरी पेन्सिलने बाजूला नाव लिहून ठेवलेलं सापडतं, बहुतेक पेटीवाल्याने, कारण खाली पट्टीही लिहिलेली असते : काळी दोन, पांढरी चार. अशी अकरा नावं मिळाली आहेत. त्यांतल्या दोघीजणी हयात आहेत. एकीला भेटून आले. ती तारामती तीच का, ते तिलाही सांगता आलं नाही, कारण तारामती तिने पन्नासच्या वर गावांत केली होती. पण हरिश्चंद्राने भाषण विसरलं की काय म्हणून वेळ निभवायची ते तिने मला बसल्या जागी करून दाखवलं, आणि त्या वेळी तिच्या पाठीचा कणा ताठ झाला.

तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे जत्रा सुरू होतात आणि मंडळं छापखान्यात जातात. यंदा मजकूर देण्याआधी प्रत्येक मंडळाने आपल्या नटीला एक फोन करावा आणि विचारावं : बाई, तुमचं नाव कसं लिहायचं?